ओंडक्यांचं बाहुलीघर: आधी रंग, मग डिंक

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला आला आहात. जावयांनी सहा वर्षांच्या नातीसाठी बाहुलीघराचं किट मागवलं, तेही तिकडच्या जुन्या लॉग केबिनचं, म्हणजे ओंडक्यांच्या घराचं. खोकं उघडलं तर आत नुसता तुकड्यांचा ढीग. वाढदिवस जानेवारीअखेरीला, हातात आठ आठवडे. सुतारकाम कधी केलं नाही, शिवणकाम मात्र चाळीस वर्षं केलंय. हे जमेल का आणि नातीला हात लावू द्यायचा का, असं विचारलंत.

जमेल. मी पिंपरीला पॅटर्न शॉपमध्ये होतो, ओतकामाचे लाकडी साचे करण्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर नऊ बाहुलीघरं केली, त्यातली तीन ओंडक्यांची. पहिलं मुलाकडे शिकागोजवळ, त्याच्या तळघरात बसून केलं, आणि त्यात करता येण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्या. शिवणारी माणसं हे काम सुतारांपेक्षा चांगलं करतात असं माझं मत आहे. सुताराला खिळा ठोकून मोकळं व्हायची सवय असते. तुम्हाला कापड बेतायची, कच्चे टाके घालून बघायची आणि मगच मशीनखाली धरायची सवय आहे. या कामात नेमकं तेच हवं.

पण तुकड्यांना हात लावण्याआधी नातीला विचारा, या घरात राहणार कोण? खोक्यावर 1:12 असं प्रमाण छापलेलं असेल. म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तो इथे एक इंच. आपल्याकडचे सुतार सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच. त्या हिशेबाने इथलं एक सूत म्हणजे खऱ्या घरातले दीड इंच. साडेपाच फुटी माणूस इथे साडेपाच इंचांचा आणि दार जेमतेम सात इंचांचं. बार्बी बाहुली साडेअकरा इंच उंच असते. तिला या घरात सरपटत शिरावं लागेल आणि डोकं आढ्याला लागेल. माझ्या नातीने पहिल्याच दिवशी तीन बार्ब्या आणून दारात उभ्या केल्या आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून आठवते. तेव्हा पाच-सहा इंचांचं बाहुल्यांचं एक कुटुंब आत्ताच मागवून ठेवा.

आता खोकं. ओंडक्यांची किटं दोन जातींची असतात. एकात प्लायवूडच्या सपाट भिंती असतात आणि बाहेरून अर्धगोल पट्ट्या चिकटवून ओंडक्यांचा भास करायचा असतो. दुसऱ्यात खरोखरच गोल काठ्या असतात, टोकाला खाचा पाडलेल्या, त्या एकीवर एक रचून कोपरे अडकवायचे. तुम्ही लिहिलंय की मोठे सपाट तुकडे आहेत आणि काड्यांच्या जुड्या वेगळ्या बांधल्यात, म्हणजे तुमचं पहिल्या जातीचं. हे सोपं. दुसऱ्या जातीत प्रत्येक थराला उंची किंचित चुकते आणि दहाव्या थरावर चारही भिंती चार वेगळ्या उंचीच्या निघतात. त्यात दर चार थरांनी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, आणि पट्टी लावून बघावं लागतं.

अशी घरं त्या भागात आणली ती स्वीडिश आणि फिनिश वसाहतवाल्यांनी. 1638 मध्ये त्यांनी डेलावेअर नदीकाठी न्यू स्वीडन नावाची वसाहत वसवली आणि आपल्या मायदेशातली ओंडके रचून घर बांधायची रीत सोबत आणली. त्या काळातलं मानलं जाणारं नॉथनेगल लॉग हाउस नावाचं एक घर तुमच्या न्यू जर्सीतच आहे, गिब्सटाउन गावात. मुलीच्या घरापासून फार लांब नसेल तर नातीला घेऊन बाहेरून का होईना, बघून या. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत कसे अडकतात ते तिने एकदा डोळ्यांनी बघितलं की तुमचं अर्धं समजावणं वाचेल.

तुकडे वेगळे करताना घाई नको. प्लायवूडच्या पत्र्यात कापलेले तुकडे बारीक टाक्यांनी अडकलेले असतात. ओढून काढले तर वरचा पापुद्रा सोलून येतो. टाके कटरने मागच्या बाजूने कापा, तुकडा सुटताक्षणी त्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहा, आणि लिहायचा तो जो पृष्ठभाग पुढे झाकला जाणार त्याच्यावर. सगळे पत्रे एकदम मोकळे करू नका. ज्या भागाचं काम आहे तेवढेच काढा. तुकडे काढून झाल्यावर उरलेली जाळी टाकू नका, रंगाच्या चाचणीला तीच लागते. कडांना बारीक पॉलिश पेपर मारा, दोनशेवीस नंबरचा पुरे, पण खाचांच्या आत घासू नका. खाच सैल झाली की ती भिंत कायमची डुलते.

मग कच्ची शिलाई. जमीन, चार भिंती, मधली भिंत, छपराचे दोन पाखे असं सगळं डिंकाशिवाय, नुसत्या मास्किंग टेपने उभं करा. रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी चहा पिताना चारही बाजूंनी बघा. कुठे फट आहे, कुठली भिंत उलटी लागलीय, खिडकी कुठे येते, हे त्यात दिसतं. मी तरी एकदा उजवी भिंत डावीकडे लावली होती आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, पण टेपवर असल्यामुळे फुकटात कळलं. जुळणी पटली की पुन्हा सगळं सोडवा. हो, पूर्ण सोडवा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते डिंकाची बाटली उघडतात.

या कामात जर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही की लाकडाला रंग आधी द्यायचा, डिंक नंतर. इतर बाहुलीघरांना ऑइलपेंट किंवा अ‍ॅक्रिलिकचा जाड थर बसतो, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. ओंडक्यांच्या घराला मात्र पातळ स्टेन देतात, जो लाकडात मुरतो आणि रेषा दिसू देतो. जिथे डिंकाचा थेंब लागलाय तिथे तो मुरत नाही. तिथे पिवळसर पांढरा डाग राहतो, आणि तो डिंक ओला असताना दिसत नाही, स्टेन दिल्यावरच उगवतो. शिकागोच्या घराला मी आधी सगळे ओंडके चिकटवले, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसला, म्हणजे खरं तर भिंतभर पसरवला, आणि मग अक्रोडी रंगाचा स्टेन मारला. भिंतीला कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं. दोन रात्री पॉलिश पेपर घासला, पण अर्धगोल पट्ट्यांच्या बेचक्यात कागद पोचत नाही. शेवटी ते डाग शेवाळ म्हणून हिरवट रंगाने रंगवले. नातीला तेच सगळ्यात आवडलं ही गोष्ट वेगळी.

तेव्हा पट्ट्यांच्या जुड्या सोडा, जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडा आणि सुट्या असतानाच रंगवा. आधी उरलेल्या जाळीवर चाचणी घ्या. पट्ट्या पाइनच्या असतील तर स्टेन ठिपक्याठिपक्यांनी बसतो, त्यासाठी स्टेनच्या आधी लावायचं एक पातळ द्रव्य हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते एक हात मारा. रंगाच्या तीन जवळजवळच्या छटा करा, एक जरा गडद, एक फिकी, एक मधली, आणि चिकटवताना मिसळून लावा. सगळे ओंडके एकाच रंगाचे असले की भिंत चॉकलेटच्या वडीसारखी दिसते. स्टेन पाण्यावर आधारलेला घ्या. लहान मूल घरात आहे आणि थंडीमुळे खिडक्या उघडता येत नाहीत. तेलाचा स्टेन घेतलाच तर एक गोष्ट कानाला खडा लावून लक्षात ठेवा. त्याची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता निघते, चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा.

प्लायवूडच्या भिंतींना मात्र दोन्ही बाजूंनी हात द्यावा लागतो. एकाच बाजूला ओलं लागलं की ती पापडासारखी वळते. आतली बाजू रंगवणार असाल तर त्याच बैठकीत बाहेरच्या बाजूलाही स्टेन मारा, आणि वाळताना वजनाखाली न दाबता उभी टेकवून ठेवा, म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल. त्याचा दुसरा फायदा असा की दोन ओंडक्यांच्या मधून प्लायवूड डोकावलं तरी ते पांढरं दिसत नाही.

डिंक म्हणून तिकडे मिळणारा सुतारकामाचा पिवळा डिंक घ्या. आपल्या फेविकॉलचाच भाऊ. गरम डिंकाची बंदूक वापरायचा मोह होईल, कारण मिनिटात चिकटतं. वापरू नका. तो थर जाड बसतो, सांधा पूर्ण मिटत नाही, आणि दोन-तीन वर्षांत तुकडे टपटप निखळतात. डिंक काडीने, सुईच्या टोकाएवढा लावायचा. दाबायला क्लॅम्प नसले तर मास्किंग टेप, रबरबँड आणि तांदळाची पिशवी. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला गुण्या नसला तर जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा कोपरा लावा.

ओंडक्यांमधल्या फटी भरणं हे या घराचं खरं रूप. खऱ्या घरात ओंडक्यांच्या बेचक्यात लाकडाचे ढलपे, दगडगोटे कोंबून वरून माती, चुना, गवत यांचा गिलावा भरत. आपल्याला लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, चालते. तिकडे भिंतीची भोकं बुजवायची हलकी लांबी डबीत मिळते. त्यात थोडा पांढरा डिंक आणि तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंगाचा एक थेंब घाला, नाहीतर शुभ्र पांढऱ्या रेघा अंगावर येतात. आता ती भरायची कशी? मी सुरुवातीला चाकूने भरत होतो आणि निम्मी ओंडक्यांवर लागत होती. माझ्या पत्नीने एक दिवस मेंदीचा कोन करून हातात दिला. तेव्हापासून कोनच. टोक दोन मिलिमीटर कापा, फटीतून एका दमात रेघ ओढा, ओल्या बोटाने दाबा. मात्र त्याआधी ओंडक्यांवर मॅट वार्निशचा एक हात झालेला हवा, म्हणजे बाहेर आलेली लांबी ओल्या स्पंजने पुसून निघते. वार्निश पट्ट्या चिकटवून झाल्यावर मारा. चिकटवायच्या बाजूला वार्निश गेलं तर डिंक धरत नाही.

छपराकडे वळू. लाकडी कौलांची पिशवी बघून घाबरू नका, ते काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. कौलंही आधीच रंगवायची. स्टेन झिपच्या पिशवीत ओता, मूठभर कौलं टाका, हलवा, बाहेर काढून कागदावर पसरा. पावसाने करडं पडलेलं छप्पर हवं असेल तर स्वयंपाकघरातला उपाय आहे. काचेच्या बरणीत व्हिनेगर घालून त्यात स्टील वूलचा बोळा दोन दिवस भिजवा, झाकण सैल ठेवा कारण आत वायू तयार होतो. कौलांना आधी कडक कोऱ्या चहाचं पाणी लावून वाळवा आणि मग हे लोखंडाचं पाणी लावा. चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून लाकूड डोळ्यांदेखत करडं-काळं होतं. नातीला हे दाखवाच. पण बरणी तुमच्या हातात असू द्या.

कौलं वळचणीपासून वर लावत जायची. पाख्यावर पेन्सिलीने आडव्या समांतर रेघा आखा. पहिली रांग दुहेरी. प्रत्येक वरच्या रांगेचा सांधा खालच्या कौलाच्या मध्यावर यायला हवा, पाणी जाऊ नये म्हणून खऱ्या घरात करतात तसं. इथे मात्र पाण्यावरचा डिंक चालत नाही. पातळ कौल ओलं झालं की कडा वर उचलते आणि सगळं छप्पर पिंजारलेल्या कोंबडीसारखं दिसतं. पाणी नसलेला घट्ट बांधकामाचा अ‍ॅडहेसिव्ह घ्या, एका वेळी एकच रांग. दोन्ही पाख्यांना मला चार संध्याकाळी लागल्या.

धुराड्यासाठी किटमध्ये छापील दगडांचा कागद येतो. तो फेकून द्या. अंड्यांचे कागदी लगद्याचे ट्रे घ्या, फोमचे नाहीत, आणि डाग नसलेले स्वच्छ. त्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान, वेडेवाकडे तुकडे फाडायचे, कात्रीने कापायचे नाहीत. धुराड्यावर डिंकाने चिकटवून करड्या, मातकट, किंचित निळसर रंगांनी ठिपके मारले की दगडच. फटीत पुन्हा तीच लांबी. बघणारा हात लावल्याशिवाय राहत नाही.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. सहा वर्षांच्या मुलीला कटर आणि स्टेन द्यायचा नाही, पण दगड फाडणं, रंगवणं, कौलं एकेक करून तुमच्या हातात देणं ही तिची कामं. दिवाळीत किल्ला करताना मोठ्यांनी सगळं करून मुलांना फक्त मावळे मांडायला दिले तर ती कशी हिरमुसतात, तसंच इथेही. माझा सल्ला असा की घर बाहेरून पूर्ण करा आणि आतून रिकामं द्या. वाढदिवसाला ते रिकामं घर आणि सोबत कागद, कापड, डिंक. आत काय असावं ते तिला ठरवू द्या. माझ्या नातीचा पहिला प्रश्न होता, "यात बाथरूम कुठेय?" जुन्या केबिनमध्ये ते नसायचंच, असं सांगून भागलं नाही. पोटमाळ्यावर काड्यापेटीचं कमोड बसलं.

तुमचं शिवणकाम इथे कामाला येईल. पाच बाय सहा इंचांची गोधडी करा, पण कापड जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती साडीचं किंवा मलमलचं. नवं कापड इतक्या लहान आकारात पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं. नक्षी बारीक बुट्ट्यांचीच. इंचभराचं फूल म्हणजे त्या घरात फूटभराचं फूल. भातुकलीची पितळी भांडी इथून मागवायचा विचार येईल, मलाही आला होता. ती मोठी पडतात. आपल्या भातुकलीतला तीन इंची बंब त्या घरात तीन फुटांचा होतो, बाहुलीच्या कमरेएवढा. खलबत्ता, चिमुकली कळशी असलं काही सापडलं तर ठीक.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. दिवे लावणार असाल तर बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे नकोत. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत काही तासांत भयंकर जखम करतो. स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत साधे पेन्सिल सेल घालायचे दिवे घ्या. आणि घरात किंवा शेजारी तीन वर्षांखालचं मूल येत-जात असेल तर बारीक वस्तू उंचावर ठेवा. अमेरिकेत लहान वस्तूची चाचणी घ्यायला जी नळी वापरतात तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. तिच्यात जे पूर्ण मावतं ते तान्ह्याच्या घशात जाऊ शकतं. बाहुलीघरातली निम्मी भांडीकुंडी तिच्यात मावतील.

वेळेचं म्हणाल तर मला अशा घराला साठ-सत्तर तास लागतात. रोज दीड तास धरला तरी आठ आठवड्यांत बसतं. पण कामाला लागण्याआधी खोकं उघडून तुकडे तीन-चार दिवस त्याच खोलीत पडू द्या. थंडीत तिकडे हीटिंगमुळे घरातली हवा कमालीची कोरडी होते आणि लाकूड आडव्या अंगाने आकसतं. खऱ्या ओंडक्यांच्या घरात हा हिशेब फार मोठा असतो. ओंडके वाळत जातात तशी भिंत काही इंच खाली बसते, म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटीवर मुद्दाम मोकळी जागा सोडतात. तुमच्या पट्ट्या वाळलेल्या असतील, पण त्याही थोड्या आकसणारच. आकसायचं ते चिकटवण्याआधी आकसू द्या. तयार घर जमिनीतून गरम हवा येते त्या जाळीच्या जवळ ठेवू नका.

एक मोजमाप आजच घ्या. मी तळघरात बसून ओसरीसकट केलेलं घर चौतीस इंच रुंद झालं आणि जिन्याचं दार एकतीस. ओसरी कापून वर न्यावी लागली. नातीच्या खोलीचं दार मोजा, आणि ओसरी स्क्रूवर बसवा, डिंकावर नको.

परत यायच्या आधी मुलीजवळ एक डबा ठेवून या: छोट्या बाटलीत उरलेला स्टेन, वीसेक कौलं, चार-पाच पट्ट्या, डिंक, आणि लांबी भरलेला एक कोन, टोकाला टाचणी खुपसून. सगळ्यात आधी ओसरीचा कठडा तुटतो, बहुधा पहिल्याच आठवड्यात. जावयांना आत्ताच दाखवून ठेवा की तो आधी रंगवायचा आणि मग चिकटवायचा.